चेकर साहेब आणि चौकीचं दार

पुंडलिकराव जुमडे यांनी माझ्यावर पहिला संशय घेतला तेव्हा आमची ओळखसुद्धा झालेली नव्हती. जानेफळात मी नुकताच केबलचा धंदा टाकला होता. एका रविवारी सकाळी एक उंच, वाळल्या कपाशीच्या पऱ्हाटीसारखा माणूस माझ्या दुकानाच्या दारात येऊन उभा राहिला. नमस्कार ना चमत्कार. आधी त्याने मला डोक्यापासून पायापर्यंत पाहिलं, मग माझ्या मागच्या यंत्रांना, मग पुन्हा मला.

"मधातला तुकडा कुठं आहे?"

"कसला तुकडा, काका?"

"कमांडर दाराकडे पळते, अन् लगेच जाहिरात. जाहिरात सरली की कमांडर दवाखान्यात. मधात काय झालं? तू कापलं."

मी त्यांना बसायला स्टूल दिलं. चित्र आकाशातून कसं येतं, मी ते फक्त तारेतून घरोघर कसं पोचवतो, माझ्याकडे कापायला कात्रीच कशी नाही, हे सगळं हातवारे करून समजावलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग उठले आणि म्हणाले, "कापणारा असंच म्हणते."

अशा रीतीने मी पुंडलिकरावांच्या आयुष्यात आरोपी म्हणून प्रवेश केला. पुढे वर्षानुवर्षं मी त्यांच्याकडे चहा प्यालो, पण निर्दोष सुटल्याचं त्यांनी मला कधी कळवलं नाही.

पुंडलिकराव एस.टी.त तिकीट तपासनीस होते. मेहकरच्या आसपासच्या रस्त्यांवर कुठल्याही फाट्यावर, बाभळीच्या झाडाखालून ते एकदम प्रकट व्हायचे आणि गाडीला हात करायचे. सगळा मुलूख त्यांना 'चेकर साहेब' म्हणायचा. नोकरीतून ते निवृत्त झाले. तपासणीतून झाले नाहीत. चहाचा कप आधी उजेडाकडे धरायचे. लग्नाच्या पंगतीत भिंतीला पाठ लावूनच बसायचे, म्हणजे दार समोर राहतं. हवामानाचा अंदाज ऐकला की लगेच गच्चीवर जाऊन आभाळ खरंच तसं आहे का ते पाहून यायचे. देवळात प्रसाद हातावर पडला की पुजाऱ्याच्या तोंडाकडे बघत तो हळूच हुंगायचे. त्यांचं आवडतं वाक्य होतं, "ज्याच्यावर कोणाचाच संशय नाई, त्याच्यावर आपला पहिले."

त्यांची बायको, कमलकाकू, मला एकदा लसूण सोलता सोलता म्हणाली, "अरे सुधाकर, लग्नात सप्तपदी चालतानी यायनं मांगं वळून पाह्यलं होतं. मी खरंच चालून राह्यली का नाई म्हणून."

"मग?"

"मंग काय? मी बी थांबून दाखवलं."

पण हा माणूस खडूस नव्हता. एखाद्याला जसा तबल्याचा नाद असतो, तसा त्यांना संशयाचा होता. कोणाचं नुकसान व्हावं म्हणून त्यांनी कधी संशय घेतला नाही. घेताना चेहरा इतका उजळायचा की समोरच्यालाही आपण काहीतरी केलं असावं असं वाटून बरं वाटायचं.

आता त्या रविवारच्या मालिकेबद्दल. तिचं नाव 'आखरी चौकी'. परदेशी मालिका, पण हिंदीत बोलणारी. सूर्यमालेच्या पार टोकाला एक चौकी आहे. बाहेरून येणारं प्रत्येक यान तिथे थांबतं, त्याची तपासणी होते, मगच त्याला आत सोडतात. पुंडलिकरावांना ही मालिका का आवडावी हे सांगायला नकोच. अंतराळ, तारे, किरण फेकणाऱ्या बंदुका, यातल्या कशाचंच त्यांना नवल नव्हतं. चौकीचा निरीक्षक ओरन एखाद्या यानात शिरून म्हणायचा, "सब अपनी जगह बैठे रहें," की पुंडलिकरावांची पाठ ताठ व्हायची. "हे पाय. असं चढा लागते गाडीत. मांगच्या दारानं."

मालिकेच्या पहिल्याच वर्षी एक भयंकर गोष्ट घडली होती. चौकीचं मोठं दार कोणीतरी आतून उघडलं. शत्रू आत घुसला, अर्धी चौकी जळाली. दार कोणी उघडलं ते मालिकेनं सांगितलंच नाही. कमांडर वेगा, डॉक्टर ईरा, निरीक्षक ओरन आणि स्वयंपाकघर सांभाळणारा टिक्कू नावाचा यंत्रमानव, एवढेच त्या वेळी दाराजवळ होते. या एका प्रश्नावर त्या मालिकावाल्यांनी पंचवीस वर्षं गाडी ओढली. टीव्ही जाऊन मोबाईल आला, माझा केबलचा धंदा जाऊन इंटरनेटचा झाला, तरी दार कोणी उघडलं ते कळेना.

पुंडलिकराव ही मालिका एकटे कधीच पाहत नसत. शेजारी रफिकभाई लागत. रफिकभाई म्हणजे निवृत्त कंडक्टर. बुटके, गोल, कायम हसरे, तोंडात बडीशेप. पुंडलिकरावांनी सगळ्या नोकरीभर यांची गाडी अडवली, पुन्हा पुन्हा अडवली, आणि एकदाही यांच्याकडे एका तिकिटाचा घोळ सापडला नाही.

"म्हणूनच त संशय आहे," पुंडलिकराव रफिकभाईंच्या समोर मला सांगायचे. "माणूस आहे का घड्याळ? येखांद्या बार त चुकलाच असता ना!"

"साहेब, चुकलो असतो त तुमी धरलं असतं," रफिकभाई.

"अन् नाई चुकला म्हणून सोडलं असं समजतं काय बे? तुले डोळ्यांपुढं ठेवाव म्हणून त बलावतो चहाले."

रफिकभाई बडीशेप चघळत हसायचे. दर रविवारी न चुकता यायचे. आणि हे न चुकता येणंही पुंडलिकरावांच्या मते संशयास्पदच होतं.

तर अशी ही मंडळी, आणि जाहीर झालं की 'आखरी चौकी'चा रौप्यमहोत्सवी भाग येणार. त्यात दाराचं रहस्य उघडणार. आमच्या तालुक्यात या मालिकेचे वेडे किती आहेत ते तेव्हा कळलं. मी मोबाईलवर एक ग्रुप काढला आणि त्यावर भाकितांचा पाऊस सुरू झाला. डोणगावच्या कृषी केंद्रवाल्याचं म्हणणं, कमांडर वेगाला जुळा भाऊ आहे. मेहकरचे एक गणिताचे सर म्हणाले, माणसांनी नाही, चौकीच्या संगणकानंच दार उघडलं. कोणीतरी लिहिलं, चौकी वगैरे काही नव्हतंच, सगळं वेगाचं स्वप्न होतं.

ही शेवटची कल्पना मी पुंडलिकरावांना वाचून दाखवली तेव्हा ते खुर्चीतून अर्धे उठले. "स्वप्न? मंग आपण पंचवीस वर्षं बिनतिकीट बसलो होतो काय?"

"तुमचं काय भाकीत, साहेब? टाकू ग्रुपवर?"

"खबरदार! कंपनी वाचते. आपलं बरोबर निंघालं का ते लोकं शेवट बदलवतेत." मग खिडकी लावून घेतली आणि आवाज बारीक केला. "मी घट मांडतो."

आमच्या बुलडाणा जिल्ह्यात भाकीत म्हटलं की घट. अक्षय्य तृतीयेच्या संध्याकाळी शेतात गोल आखतात, कडेनं धान्यं मांडतात, मधे पाण्याची घागर, तिच्यावर पापड, कुरडई, करंजी. रात्री तिकडे कोणी फिरकत नाही. पहाटे कोणतं धान्य जागचं हललं, कोणतं तसंच राहिलं, यावरून पावसापाण्याचं आणि पिकाचं सांगतात. ऐकायला लांबलांबून माणसं येतात. पुंडलिकरावही जायचे. सांगितलेलं सगळं लक्षात ठेवून दिवाळीपर्यंत ताळा करायचे. त्यांचं मत असं की घट खोटं बोलत नाही, वाचणाऱ्यावर मात्र नजर पाहिजे.

कमलकाकूंनी विरोध केला. "देवाच्या गोष्टीची टवाळी करू नका."

"टवाळी कायची व? त्या दिवशी मांडतच नाई. दुसऱ्या दिवशी मांडतो. देवाचा दिवस देवाले."

मग गच्चीवर घट मांडला गेला. मांडताना पुंडलिकराव असे गंभीर होते की मलाही पायातल्या चपला जिन्यात काढाव्या लागल्या. गहू म्हणजे कमांडर वेगा. तांदूळ म्हणजे डॉक्टर ईरा. हरभरा म्हणजे निरीक्षक ओरन. करडी म्हणजे टिक्कू. "अन् दुश्मनाले तूर ठेवा, साहेब, लय झाली औंदा," असं रफिकभाई म्हणाले. घागरीवरचा पापड हे चौकीचं दार. ज्याचं धान्य पापडाकडे सरकेल, तो गद्दार.

मग बंदोबस्त. गच्चीच्या दाराला कुलूप, किल्ली करदोट्याला. दारावर आडवा दोरा. आणि जिन्याच्या पायऱ्यांवर चाळणीनं गव्हाचं पीठ. कोणी चढलं तर पाऊल उमटलंच पाहिजे.

सकाळी आम्ही तिघं वर निघालो, तर पिठात अनवाणी पावलं. वर जाणारी आणि खाली येणारी. पुंडलिकरावांना काही दिसायच्या आत रफिकभाईंच्या तोंडून निघालं, "साहेब, कोणीतरी जाऊन आलं!" चेकर साहेबांच्या चेहऱ्यावर जो आनंद पसरला तो मी त्यांच्या मुलीच्या लग्नातही पाहिला नव्हता.

"कोण?"

"मी," स्वयंपाकघरातून कमलकाकू म्हणाली. "अंधाराचं आभाळ आलं होतं. कुरडया वाळत घातल्या होत्या. त्या भिजल्या असत्या त तुमचा टिक्कू आला असता काय उचलाले?"

"अन् किल्ली?"

"दुसरी माह्यापाशी आहे. घर बांधलं तवापासून."

आपल्याच घरात दुसरी किल्ली आहे, ही बातमी पचवायला पुंडलिकरावांना जिन्यात जरा थांबावं लागलं. मग आम्ही वर गेलो. पापडाच्या अलीकडे पांढरे दाणे विखुरले होते. काकूंचा पदर लागला असेल, चिमणी आली असेल, किंवा घटानं खरंच काही सांगितलं असेल. रफिकभाई वाकले. "तांदूळ. डॉक्टरीण बाई."

पुंडलिकराव ताठ उभे होते. "करडी आहे. टिक्कू."

"साहेब, तांदूळ आहे."

"मले दिसून राह्यली ना करडी! ते काय तिथं!"

त्यांनी बोट दाखवलं. मी त्या बोटाच्या रेषेत पाहिलं. तिथं दाणे नव्हतेच. गच्चीवर चुन्याचा एक जुना डाग होता. दाणे त्याच्यापासून चांगले हातभर लांब होते.

रफिकभाईंचं चघळणं थांबलं. त्यांनी चिमूटभर दाणे उचलून साहेबांच्या तळहातावर ठेवले. पुंडलिकरावांनी ते अंगठ्यानं चोळले. करडीचा दाणाही पांढराच, पण गुबगुबीत; तांदळाचा लांबट, बोटाला कळणारच. क्षणभर त्यांचा चेहरा रिकामा झाला. मग ते म्हणाले, "उचलतानी बदलवले तू."

रफिकभाईंनी साहेबांच्या तोंडासमोर आपला हात धरला. "साहेब, हे बोटं किती?"

"रफिक! जल्मभर मी तुही तपासणी केली. आता तू माही करतं काय बे?"

"हाव. किती?"

खाली रस्त्यावरून दूधवाल्याची मोटारसायकल गेली.

"तू बोटं कमीजास्त करून राह्यला," पुंडलिकराव म्हणाले आणि कठड्याला हात धरत धरत जिन्याकडे वळले.

मग एकेक गोष्ट माझ्या ध्यानात आली. अलीकडे ते टीव्हीला नाक लावून बसत होते. अलीकडे ते माणसाला नावानं हाक मारण्याआधी त्याला बोलू देत होते. आम्हाला वाटायचं, हीही तपासणीचीच नवी तऱ्हा. रफिकभाईंनी आणि मी त्यांना कसंबसं मेहकरला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, उजवा तर पार पिकलेला. डॉक्टर म्हणाले, आणखी थांबलात तर नंतर ऑपरेशन करूनही नजर येईल याची मी खात्री देणार नाही.

"पाह्यलं?" बाहेर येताच पुंडलिकराव म्हणाले. "घाई करून राह्यला. ज्याले घाई आहे त्याचा माल खराब असते."

"साहेब, डोळा तुमचा खराब आहे, डॉक्टरचा नाई."

"अन् डोळ्यात भिंग टाकते म्हणते. कोणाचं भिंग? कुठून काढलेलं? रफिक, तू मले एक सांग. डोळा डॉक्टरच्या ताब्यात देल्ला, तर डॉक्टरवर डोळा कोण ठेवीन?"

त्यांनी ऑपरेशनला साफ नकार दिला. मुलीनं पुण्याहून फोनवर रडून पाहिलं, रफिकभाईंनी शपथा घातल्या, मी माझं वक्तृत्व पणाला लावलं. जितकं जास्त समजवावं तितका त्यांना त्यात कट दिसायचा. दिवस जात होते. एका दुपारी कमलकाकू माझ्या दुकानात आली, स्टुलावर बसली आणि बराच वेळ नुसती माझ्या वायरींच्या भेंडोळ्याकडे बघत राहिली.

"काल चुलीपाशी आले अन् मले म्हणतेत, 'कोण आहे?' सुधाकर, आधी संशयानं विचारत होते. आता खरंच विचारतेत. मले त फरकच समजून नाई राह्यला."

एवढं बोलून ती उठली.

अखेर रौप्यमहोत्सवी भागाचा रविवार आला. संध्याकाळी मी माझा मोठा टीव्ही त्यांच्याकडे नेऊन लावला. पुंडलिकराव स्वच्छ पायजमा-शर्ट घालून, दाढी करून, पडद्यापासून हातभर अंतरावर बसले. पण त्यांना उजेड आणि काळोख याशिवाय काही कळत नसणार, कारण पहिल्याच मिनिटाला ते मान न वळवता म्हणाले, "रफिक, कोण आलं?"

रफिकभाई पुढे सरकले आणि त्यांनी जे सुरू केलं ते धावतं समालोचन मी जन्मात विसरणार नाही. कंडक्टरचा गळा, फाटे पुकारून तयार झालेला. "कमांडर आला, साहेब. केस पिकले त्याचे. डाव्या हाताले डॉक्टरीण. ओरन मांगं उभा, हातात दिवा. आता चौकीच्या तळघरात उतरून राह्यले. जुनी टेप लावली. पंचवीस वर्षांआधीचं दिसून राह्यलं. दार आलं, साहेब, दार!"

"दारापाशी कोण?"

"टिक्कू."

पुंडलिकरावांनी खुर्चीचा हात घट्ट धरला. "टिक्कूनं उघडलं?"

"टिक्कूनंच उघडलं!"

"कोन्या हातानं?"

"साहेब, त्याले तीन हात आहेत. मधल्या."

"काऊन उघडलं? पैसे खाल्ले?"

पडद्यावर जे चाललं होतं ते आम्ही तिघंही पाहत होतो. कमलकाकूंनी पदर तोंडाला लावला होता. "बाहेर लेकरू होतं, साहेब," रफिकभाई हळू आवाजात म्हणाले. "दुश्मनाचंच. लहानसं. दारावर थापा मारून राह्यलं होतं. टिक्कूले कोणी शिकवलंच नव्हतं का लेकरू बाहेर असलं तरी दार लावून घ्याव. त्यानं उघडलं. लेकराच्या मांगून फौज आली."

भाग संपला. जिल्ह्यात कोणाचंच भाकीत खरं ठरलं नव्हतं. फक्त आमच्या चेकर साहेबांचं ठरलं होतं. तेही घट चुकीचा वाचून! मी टाळ्या वाजवल्या. रफिकभाईंनी साहेबांचा हात धरून हलवला. पुंडलिकराव दगडासारखे बसले होते.

"खोटं," ते म्हणाले.

"काय खोटं?"

"मी टिक्कू म्हटलं होतं, म्हणून तू टिक्कू म्हणून राह्यला. मले खूश कराले. अन् ते लेकरू त तू पदरचं घुसडलं."

"साहेब, खुदा कसम..."

"थांब."

मग त्यांनी चौकशी उघडली. कमलकाकूंना स्वयंपाकघरात नेलं, दार लोटलं, काय दिसलं ते विचारलं. मग मला ओट्यावर नेलं आणि तेच प्रश्न उलट्या क्रमानं विचारले. मग रफिकभाईंना खाटेच्या कोपऱ्यावर बसवून तिसऱ्यांदा. आम्ही तिघांनीही जे पाहिलं तेच सांगितलं. दुसरं काय सांगणार?

पुंडलिकराव परत खुर्चीत बसले. "तिघांची जबानी शब्दाले शब्द जुळते," त्यांनी निकाल दिला. "म्हणजे ठरवून आले."

इथे रफिकभाईंचा आवाज मी पहिल्यांदा आणि शेवटचा चढलेला ऐकला. "मंग सोता पाहा ना! आमी सगळे चोर! तुमचे डोळे तेवढे इमानदार! तर मंग पाहा त्या डोळ्यायनं!"

कमलकाकू दाराच्या चौकटीत उभी होती. पुंडलिकरावांनी टीव्हीच्या दिशेनं मान वळवली. तिथं आता जाहिरात चालू होती. तिचा लाल-निळा उजेड त्यांच्या पांढुरक्या बुबुळांवर हलत होता.

"सुधाकर," ते म्हणाले, "त्या डॉक्टरले फोन लाव. पण माही एक अट आहे."

अट अशी होती की ऑपरेशनच्या वेळी रफिक आत उभा राहील. डॉक्टर म्हणाले, असं चालत नाही. खूप घासाघीस झाली. शेवटी दाराला जी काच होती, तिच्या बाहेर रफिकभाईंनी उभं राहायचं आणि जेवढं दिसेल तेवढं पाहायचं, असं ठरलं. डॉक्टरांनी हसत विचारलं, "म्हणजे यांच्यावर तुमचा एवढा विश्वास आहे?"

"मुळीच नाई," स्ट्रेचरवरून उत्तर आलं. "पण हा कोणाले सापडत नाई. अशाच माणसाले दुसऱ्याची लबाडी समजते."

रफिकभाईंना हा आयुष्यातला सर्वांत मोठा मान वाटला असावा. ते काचेला नाक लावून, चवड्यांवर उभे राहून, पूर्ण वेळ पापणी न हलवता आत पाहत राहिले. नर्सनं स्टूल दिलं तरी बसले नाहीत.

त्यानंतर पुंडलिकराव जानेफळात फार दिवस राहिले नाहीत. दुसराही डोळा झाल्यावर मुलगी दोघांना पुण्याला घेऊन गेली, आणि पुढे तिकडेच ते वारले. तिकडच्या दूधवाल्यांची तपासणी कशी झाली ते मला माहीत नाही. पण माझ्यापाशी त्यांचं शेवटचं चित्र आहे ते निघण्याच्या आदल्या दुपारचं.

डॉक्टरांनी टीव्ही पाहायला परवानगी दिली होती. काळा चष्मा लावून ते नेहमीच्या खुर्चीत बसले, या वेळी भिंतीजवळ, लांब. रफिकभाई खिडकीपाशी खाली सतरंजीवर. मी भाग लावला. रफिकभाईंनी सवयीनं तोंड उघडलं, तसा साहेबांनी हात वर केला. "तू बोलू नको."

त्यांनी सगळा भाग पाहिला. टिक्कूनं मधल्या हातानं कडी काढली. बाहेर लेकरू होतं.

"मांगं घे," ते म्हणाले. मी मागे घेतलं. लेकरू पुन्हा दारावर थापा मारू लागलं. "पुन्हा." मी पुन्हा मागे घेतलं. कमलकाकू चहा ठेवून गेली. त्यांनी कप उजेडाकडे धरला नाही, नुसता हातात धरून बसले.

"लेकरू आहे," अखेर ते म्हणाले.

"आहे ना," मी म्हणालो.

"अन् टिक्कूच आहे." त्यांनी मान हलवली. मग खुर्चीत पुढे झाले आणि त्यांच्या आवाजात जुनी धार आली. "मंग माहं भाकीत कंपनीले सांगतलं कोणं?"

मी इतका हसलो की मला ठसका लागला. रफिकभाईही हसत होते. पुंडलिकरावांनी त्यांच्याकडे रोखून पाहिलं, जसं ते मागच्या दारानं गाडीत चढल्यावर पाहत असत, आणि ते पाहणं तिथेच थांबलं. ऊन खिडकीतून रफिकभाईंच्या अंगावर पडलं होतं. साहेब त्यांच्या डोक्याकडे पाहत होते, मग गालांकडे, मग बडीशेपेची डबी उघडणाऱ्या, थोड्या थरथरणाऱ्या बोटांकडे.

"रफिक," ते म्हणाले, "तू म्हातारा झाला बे."

"झालो, साहेब."

"कधी?"

"तुमच्या समोरच झालो. दर रविवारी थोडा थोडा."

"मले कोणी सांगतलं काऊन नाई?"

रफिकभाईंनी बडीशेप तोंडात टाकली. "सांगतलं असतं, त तुमी मानलं असतं?"

पुंडलिकरावांनी चहाचा कप खाली ठेवला, दोन्ही हातांनी काळा चष्मा काढला आणि शेजारची खुर्ची आपल्याजवळ ओढली.

"इकडं ये," ते म्हणाले. "इथं बस. नीट पाहू दे."